हात लावून ये

चारला सोडतात वर.
आत्ता सव्वातीन.
थोरल्या दवाखान्यासमोर, टाऊन हॉलच्या बागेत
पिशवी मांडीवर घेऊन बसलोय.
दोन मोसंबी, धुतलेला टॉवेल,
आणि बाबालालला सांगायचं एक अख्खं शहर.

मशिनरीच्या प्रदर्शनाला निघालेलो आम्ही उद्यमनगरातले सातजण.
तो आठवा. व्हिसा आलेला, बॅग बांधलेली,
आणि घसरला भट्टीजवळच्या तीन पायऱ्यांवरून.
विमानतळावर त्याचा फोन :
"माझ्या वाटणीचं पण बघून ये लेका.
नुसतं बघू नको. हात लावून ये."

परत येताना एक दिवस फ्लॉरेन्सला काढला.
तिथं एका देवळाला ब्राँझची दारं आहेत,
चौकटी-चौकटीत जत्रा ओतलेली,
घोडे, म्हाताऱ्या, लांबवरची झाडंसुद्धा.
लोक फोटो काढत होते,
मी सांधा शोधत होतो.
पण मध्ये कठडा. हात पोचेना.

घुमट तर असा, की खाली आधार न लावता
विटांवर विटा चढवत नेला म्हणे.
आमच्या आडनावाचा कंत्राटदार असता
तर बांबूचंच बिल दुप्पट लावलं असतं.

बागा सरळ. झाडं रांगेत,
शाळा सुटायच्या आधीसारखी.
हिरवळीवर खुशाल आडवं व्हावं,
कुणी शिट्टी मारत नाही.
बाकांवर कुणाचं स्मरणार्थ नाही,
बसताना मेलेल्याची परवानगी घ्यावी लागत नाही.
(माझ्या पाठीला आत्ता
कै. तानूबाई दत्तोबा इंगवले टोचतायत.
टोचू देत. त्यांचाच बाक.)

एका गल्लीत भिंतीवर पाण्याची खूण होती.
पूर इथवर आलेला, म्हणून संगमरवरी पट्टी.
टाचा उचलून बघितलं, हात पुरेना.
मला माझं शटर आठवलं,
त्यावर खडूनं मारलेली रेघ,
आणि लेथच्या पोटातून निघालेला पंचगंगेचा गाळ,
जो बाबालालनं चमच्यानं काढला,
तीन दिवस, न बोलता.

मग त्या मोठ्या बागेच्या पार टोकाला गेलो.
चालत. तास लागला.
सायकलवाले, कुत्री, पळणाऱ्या बायका मागं राहिल्या.
दोन पाणी मिळतात तिथं छत्री.
आपली छत्री, बाबालाल! घाटावर असते तशी.
आत आपल्या गादीचा राजा, वीस वर्षांचं पोर,
विलायतेहून परत येताना तिथंच संपलेलं.
संगमावर अग्नी दिला त्याला.
चेहरा रंगवलेला, फेटा, मोती,
डोळे पाण्याकडं.
जवळच्या पुलाला हिंदी माणसाचा पूल म्हणतात.
सोबतचे सहाजण हॉटेलात झोपलेले.
मी चार बाजू फिरून अक्षरं बघितली,
आणि उगाच मोठ्यानं म्हणालो,
"कोल्हापुरात पाऊस बरा आहे यंदा."
एक माणूस थांबला, कुत्र्याला घेऊन पुढं गेला.
तिथंही जाळी. हात आत जाईना.

समोर या टाऊन हॉलात उलटं.
काचेत वीतभर ब्राँझचा देव उभा आहे,
त्या लोकांच्या समुद्राचा,
ब्रह्मपुरीच्या मातीत सापडलेला.
बाबालाल दर दिवाळीला पोरांना घेऊन यायचा.
म्हणायचा, ओतणारा तालेवार,
कुठं हवेचं भोक दिसत नाही बघा.
देव आला, परत गेला नाही.
कोण कुणाच्या गावात राहील,
त्याचा साचा कुणी करत नसावं.

वर वटवाघळं कुरकुरतायत.
शेजारच्या बाईनं डबा उघडलाय,
पेशंटनं न खाल्लेला भात
ती स्वतः खातेय, घाईघाईनं.

चारला पाच कमी.
तो पहिल्यांदा तेच विचारणार :
लावलास का हात?

ती छत्री आणि हा टाऊन हॉल
एकाच साहेबानं कागदावर काढलेत म्हणतात.
उठतो.
गेटाकडं जायच्या आधी भिंतीशी जातो,
काळ्या दगडावर तळवा ठेवतो,
पुरता, पाची बोटं.
ऊन लागून तापलाय.

म्हणजे खोटं व्हायला नको.